दुधी काच आणि निळे धागे

पुणे, रविवार

प्रिय महेश,

सप्रेम नमस्कार.

हिपॅटायटिस ब साठी केलेल्या तुझ्या यकृताच्या बायोप्सीची स्लाइड आणि तो तुकडा बसवलेला मेणाचा ब्लॉक कुरियरने पोचला. रिपोर्टचे फोटो आधीच पाहिले होते. फोनवर तू तीनदा एकच विचारलंस, "लिव्हर नक्की किती खराब झालंय?" ते दोन मिनिटांत सांगण्यासारखं नाही, म्हणून बसून लिहितोय. गोळी कुठली आणि कधीपासून, हे तुझे डॉक्टर ठरवतील. काचेवर काय दिसतं आणि त्याचा अर्थ काय, हे माझं काम. थोडा त्यापलीकडेही जाईन, सवय आहे.

आधी रिपोर्टची शेवटची ओळ घे: एचएआय ८/१८, इशाक स्टेज ३/६. पहिला आकडा आगीचा, म्हणजे सुजेचा, दुसरा वणाचा. आज यकृतात किती पेटलंय ते आठ सांगतो, आणि आजवरच्या आगींनी मागे काय ठेवलंय ते तीन सांगतो. दोघांची बेरीज करायची नाही. आग काही महिन्यांत विझू शकते, वण भरायला वर्षं लागतात. पुढे फायब्रोस्कॅनचा (यकृताचा ताठपणा मोजणाऱ्या यंत्राचा) आकडा खाली आला की तू लगेच पेढे वाटशील, म्हणून हा फरक आत्ताच डोक्यात पक्का कर.

आता ही आग लावतो कोण? सगळे म्हणतात विषाणू. खरं तर हिपॅटायटिस ब चा विषाणू पेशीला मारत नाही. तो यकृताच्या पेशीत शिरतो, केंद्रकात आपल्या डीएनएचं एक बंद कडं करून ठेवतो, त्यावरून प्रती निघत राहतात आणि पेशी आपलं रोजचं काम करत राहते. म्हणून जन्मतः लागण झालेल्या मुलाच्या रक्तात विषाणू अमाप असतात आणि यकृत तरीही जवळपास नितळ. नासधूस सुरू होते ती शरीराच्या फौजेला हा बिनभाड्याचा भाडेकरू ओळखू आला की. टी-लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी विषाणूवाली पेशी हेरतात आणि तिला मरायला लावतात. फौज जोरकस असेल तर काही महिन्यांत घर साफ. मोठेपणी लागण झालेल्या शंभरातल्या पंचाण्णवांहून अधिक जणांचं तसंच होतं. नवजात बाळाचं नेमकं उलटं: दहातल्या नऊ बाळांत विषाणू कायमचा मुक्काम करतो. आणि तुझ्यासारख्यांत फौज अर्धवट लढते. विषाणू हटत नाही आणि लढाई थांबत नाही. घराच्या भिंती मात्र पडतात. वीस-तीस वर्षं.

तुझा ई-अँटिजेन (रक्तात तपासतात ते विषाणूचं एक प्रथिन) निगेटिव्ह आहे. पूर्वी कुणीतरी तुला यावरून "विषाणू झोपलाय" असं सांगितलं होतं, ते चूक. विषाणूत एक बदल होतो, त्यामुळे तो ई-अँटिजेन बनवणं थांबवतो. स्वतःच्या प्रती काढणं थांबवत नाही. आपल्याकडे डी प्रकाराचा विषाणू जास्त, आणि त्यात हे वारंवार दिसतं. झोपलाय की जागा, हे रक्तातला विषाणू मोजणारा एचबीव्ही डीएनए सांगतो. तुझा १,४०,००० आययू प्रति मिली. झोपलेल्याचा सहसा २,००० च्या खाली असतो, आणि सोबत एसजीपीटी ही यकृताची रक्ततपासणीही वर्षभर सरळ रेषेत. (जुना रिपोर्ट शेजारी ठेवून तुलना करणार असशील तर एकक बघ. काही लॅब पूर्वी 'कॉपीज' देत. एक आययू म्हणजे साधारण पाच-सहा कॉपीज. न बघता तुलना केलीस तर विषाणू आपोआप कमी झाल्याचा भास होईल.)

आता काच. सुईने काढलेला तुकडा २१ मिमी लांब, शेवयीच्या काडीएवढा, आणि त्यात १२ पोर्टल ट्रॅक्ट मोजता आले. हे आधी सांगतो कारण दीड सेंटिमीटरहून आखूड किंवा तुटका तुकडा आला तर वण असतो त्याहून कमी दिसतो. अख्ख्या यकृताचा सुमारे पन्नास हजारावा भाग काचेवर येतो. तो धड नसेल तर रिपोर्ट म्हणजे अंदाजपंचे. तुझा धड आहे.

पोर्टल ट्रॅक्ट म्हणजे चौक समज: रक्त आणणाऱ्या दोन नळ्या, पित्त नेणारी एक, भोवती थोडं बळकटीचं जाळं. चौकाबाहेर यकृताच्या पेशींचं शेत, ओळी धरून लावलेलं, आणि मधे स्वच्छ बांध. तुझ्या बारापैकी नऊ चौकांत लिम्फोसाइट दाटलेत. नेहमीच्या जांभळ्या-गुलाबी रंगाईत ते मोहरी सांडल्यासारखे दिसतात. ते चौकात थांबलेले नाहीत, बांध ओलांडून शेतात घुसलेत, आणि कडेच्या पेशी एकेक करून गळाल्यात. उंदरांनी कुरतडावा तसा बांध दिसतो. रिपोर्टमधला 'इंटरफेस हिपॅटायटिस' तो हाच; जुन्या रिपोर्टांत याला पीसमील नेक्रोसिस लिहीत. शेताच्या आतही कुठेकुठे एखादी पेशी आक्रसून गडद गुलाबी गोळी झालेली आहे, केंद्रक विरलेलं. ती नुकतीच मेलेली.

तुझे आठ गुण असे आले: कडेची झीज ३, शेतातली तुरळक मरणं २, चौकातली दाटी ३. चौथ्या खान्यात शून्य आहे, आणि ते शून्य मला सगळ्यांत आवडलं. त्या खान्यात पट्टेच्या पट्टे पेशी मेलेल्या मोजतात.

ब विषाणूची सही म्हणावी अशी एक गोष्ट तुझ्या स्लाइडवर अगदी छान दिसते. काही पेशी इतरांसारख्या दाणेदार गुलाबी नाहीत. त्यांच्या पोटात फिकट, एकसारखा, धुरकट भाग, केंद्रक कडेला ढकललेलं, आणि भोवती बारीक पांढरी रेघ. बाथरूमच्या खिडकीला दुधी काच असते ना, तशी. विषाणूच्या आवरणाचं प्रथिन, म्हणजेच रक्तात तपासतात ते एचबीएसएजी, पेशीच्या आतल्या जाळ्यात ठासून भरलं की पेशी अशी होते. काही औषधांनीही अशाच दिसणाऱ्या पेशी तयार होतात, म्हणून ऑर्सीनची रंगाई केली. त्यात त्या तपकिरी उठल्या, तेव्हा शंका नाही. गंमत म्हणजे या दुधी पेशींच्या आसपास बऱ्याचदा लढाई नसते. साठा जिथे मोठा, तिथे मारामारी असेलच असं नाही.

आता निळे धागे. मॅसन ट्रायक्रोमच्या रंगाईत पेशी लाल आणि कोलॅजेन, म्हणजे वणाचे तंतू, निळं दिसतं. निरोगी यकृतात निळा रंग फक्त चौकांत, तोही बेताचा. तुझ्यात बहुतेक चौक पसरट झालेत, त्यातून निळे फाटे शेतात शिरलेत, आणि दोन ठिकाणी फाटा पुढे जाऊन शेजारच्या चौकाला मिळालाय. हाच पूल. बहुतेक चौक पसरलेले आणि तुरळक पूल, म्हणजे इशाक ३. पूल जागोजागी झाले आणि चौकातून थेट मधल्या शिरेपर्यंत जाऊ लागले की ४. अधूनमधून गाठी वळू लागल्या की ५. आणि सगळं यकृत निळ्या भिंतींनी वेढलेल्या गाठींचं झालं की ६, म्हणजे सिऱ्होसिस. तू मध्यावर आहेस, तिथे पोचलेला नाहीस.

हे धागे विणतो कोण, हे वाचून तुला नवल वाटेल. पेशींच्या ओळी आणि रक्ताच्या बारीक वाटा यांच्यामध्ये एक अरुंद फट असते. त्या फटीत तारकापेशी राहतात. एरवी त्यांचं काम अ जीवनसत्त्व चरबीच्या थेंबांत साठवून ठेवायचं, कोठीवाल्यासारखं. शेजारच्या पेशी मरू लागल्या की येणाऱ्या संदेशांनी त्या कोठी रिकामी करतात, लांबट होतात, आकसू लागतात आणि कोलॅजेन ओतू लागतात. जखमेवर खपली धरते तसंच. एकदाच जखम झाली तर खपली विरघळूनही जाते. रोज नवी जखम, रोज नवी खपली असं वीस वर्षं चाललं की निळी भिंत उभी राहते. शिवाय रक्ताच्या वाटांना निरोगीपणी चाळणीसारखी बारीक भोकं असतात, ती बुजतात. रक्तातला माल पेशीपर्यंत नीट पोचत नाही, आणि आतड्याकडून येणाऱ्या शिरेतला दाब वाढतो. दाब वाढला की प्लीहा फुगते, फुगलेली प्लीहा प्लेटलेट अडकवून ठेवते. म्हणून यकृताच्या माणसाच्या रिपोर्टात आम्ही आधी प्लेटलेट बघतो. तुझ्या १.६२ लाख. चालेल, पण ती ओळ दर वेळी बघत जा.

मग तुझा एसजीपीटी इतकी वर्षं "किंचितच वाढलंय" म्हणून कसा सुटला? एसजीपीटी हा पेशी फुटल्यावर रक्तात सांडणारा माल. आज किती पेशी फुटल्या तेवढंच तो सांगतो; गेल्या वीस वर्षांत किती वण झाला, ते त्याला माहीत नाही. त्यात लढाई लाटांनी चालते. दोन लाटांच्या मधे रक्त दिलं की ३८ येतो, लाटेत दिलं की ६८. लॅबच्या कागदावर ४० पर्यंत नॉर्मल छापतात, पण यकृताचे बरेच डॉक्टर पुरुषाला ३५ आणि बाईला २५ च्या वर गेलं की भुवई उंचावतात. आणि सिऱ्होसिस पुरता झालेल्या माणसाचा एसजीपीटी अगदी शहाण्यासारखा ३० सुद्धा येऊ शकतो. तिथे मग एसजीओटी, त्याचाच जोडीदार, त्याला मागे टाकतो, यकृत बनवतं ते अल्ब्युमिन हे प्रथिन उतरतं, रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आयएनआर चढतो. यकृताच्या आत दुखण्याची सोय नाही, फक्त वरच्या आवरणाला आहे. "मला तर काही होत नाही" हे वाक्य म्हणून या आजारात काहीच सांगत नाही.

सुई दर वेळी लागणार का, असंही विचारलं होतंस. नाही. आता बहुतेकांना पहिल्यांदाही लागत नाही. फायब्रोस्कॅन आणि रक्तावर भागतं. घरच्या घरी करायचा हिशोब सांगतो, त्याला एप्री म्हणतात. एसजीओटीला लॅबच्या वरच्या मर्यादेने भागायचं, शंभराने गुणायचं आणि प्लेटलेटने भागायचं. तुझा एसजीओटी ५४, मर्यादा ४०: १.३५. गुणिले शंभर, १३५. भागिले १६२, आलं ०.८३. इथे सगळे एकच चूक करतात, प्लेटलेट 'लाखात' घालतात. सूत्राला हजारात हवी: १.६२ नाही, १६२. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या मार्गदर्शनात ०.५ च्या वर लक्षणीय वण आणि १ च्या वर सिऱ्होसिसचा संशय धरलाय. फायब्रोस्कॅनला हेच टप्पे ७ आणि १२.५ किलोपास्कल. तुझा १०.८. म्हणजे यंत्र, हिशोब आणि काच, तिघेही एकच बोलतायत. असं जमतंच असं नाही.

फायब्रोस्कॅनला जाशील तेव्हा किमान तीन तास पोट रिकामं ठेव. जेवण झाल्यावर यकृतात रक्त वाढतं आणि आकडा फुगतो. प्रिंटवर फक्त मोठा आकडा बघू नकोस. किमान दहा मोजमापं झाली का आणि 'आयक्यूआर', म्हणजे त्या मोजमापांतली तफावत, ३० टक्क्यांच्या आत आहे का, तेही बघ. तुझा १४, उत्तम. एसजीपीटी नॉर्मलच्या पाच पटीच्या वर असताना केलेला स्कॅन मात्र फुकट. सूज आली की यकृत ताठ होतं, आणि यंत्राला सूज आणि वण वेगळे कळत नाहीत. गोळी सुरू झाल्यावर पहिल्या सहा महिन्यांत आकडा झरझर उतरेल, तो मुख्यतः सूज उतरल्याने. वण तेवढ्यात विरघळत नाही. काचेवरही असाच चकवा बसतो: मोठ्या लाटेनंतर मेलेल्या पेशींच्या जागी जाळं नुसतं कोसळतं आणि निळं दिसतं. कोसळलेल्या भागात लवचीक तंतू नसतात, जुन्या वणात असतात. ऑर्सीनने ते कळतं. तुझ्या पुलांमध्ये ते थोडे आहेत, म्हणजे वण खरा आहे.

आता चांगली बातमी, आणि ती आकड्यांत. २०१३ साली टेनोफोविरचा पाच वर्षांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ३४८ जणांची आधी आणि पाच वर्षांनी अशी दोनदा बायोप्सी केलेली. निम्म्याहून किंचित जास्त जणांचा वण मागे हटला. सुरुवातीला ज्या ९६ जणांना सिऱ्होसिस होता, त्यातल्या ७१ जणांच्या काचेवर पाच वर्षांनी तो राहिला नव्हता. आम्ही शिकलो तेव्हा सिऱ्होसिस म्हणजे परतीची वाट नाही असं पाठ केलं होतं. विषाणू दाबला की लढाई थांबते, लढाई थांबली की तारकापेशी शांत होतात किंवा मरतात, आणि शरीर स्वतःच निळे धागे कुरतडून काढतं. जे मागे हटले नाहीत, त्यांच्यात वजन जास्त असणारे बरेच होते. तुझ्या स्लाइडवर चरबी ५ टक्क्यांहून कमी आहे. ती तशीच ठेव. पोट सुटायला लागलंय ते मी दिवाळीच्या फोटोत पाहिलं.

गोळ्या मुख्यतः तीन. टेनोफोविर ३०० मिग्रॅ, तिचंच नवं रूप २५ मिग्रॅ, आणि एन्टेकाव्हिर ०.५ मिग्रॅ. तिन्ही दिवसातून एकदा. एन्टेकाव्हिर रिकाम्या पोटी, जेवणाआधी आणि नंतर दोन तास सोडून. हे पाळलं नाही तर औषध अंगात कमी उतरतं. टेनोफोविर जेवणासोबत. जुन्या टेनोफोविरवर क्रिएटिनिन, फॉस्फेट आणि लघवीतली प्रथिनं तपासत राहायची, कारण मूत्रपिंड आणि हाडं. नव्या रूपाचं एक पथ्य आपल्या देशात फार महत्त्वाचं: टीबीचं रिफाम्पिसिन किंवा फिटचं फेनिटॉइन, कार्बामाझेपिन चालू असेल तर ते चालत नाही. कधी टीबीचं औषध सुरू व्हायची वेळ आली तर आधी ही गोळी दाखव. खर्चाची काळजी असेल तर जिल्हा रुग्णालयात चौकशी कर. २८ जुलै २०१८ पासून राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम चालू आहे, त्यात तपासणी आणि गोळ्या मोफत आहेत.

गोळी त्या बंद कड्याला हात लावू शकत नाही, फक्त प्रती काढणं थांबवते. कडं तिथेच बसलेलं असतं. म्हणून वर्षभराने डीएनए 'आढळला नाही' असं आलं आणि तू मनानेच गोळी सोडलीस, तर काही आठवड्यांत किंवा महिन्यांत विषाणू उसळतो, फौज पुन्हा तुटून पडते आणि एसजीपीटी हजारात जातो. वणाचं यकृत असा फटका सोसेलच असं नाही. लोक यातच हातातून जातात. गावाला जाताना गोळ्या राहिल्या, दुकानात नव्हत्या, बरं वाटत होतं: कारणं हीच. पंधरा दिवसांच्या गोळ्या उरल्या की नवा डबा आणायचा.

आणखी एक तपासणी सुटता कामा नये. दर सहा महिन्यांनी पोटाची सोनोग्राफी, सोबत एएफपी ही कॅन्सरचा माग काढणारी रक्ततपासणी. ब विषाणूचा डीएनए पेशीच्या डीएनएत कुठेही तुकडे घुसवतो, म्हणून या आजारात सिऱ्होसिस नसतानाही यकृताचा कॅन्सर होऊ शकतो. गोळीने धोका कमी होतो, शून्य होत नाही. लहान गाठ दुप्पट व्हायला साधारण काही महिने घेते, म्हणून सहा महिने; वर्षाने केलीस तर कधी उशीर झालेला असतो. एक सेंटिमीटरच्या वर काही दिसलं तर नुसतं 'पुन्हा बघू' नाही, तीन टप्प्यांचा सीटी.

याच कारणाने दाण्यांचंही सांगतो. बुरशी लागलेल्या शेंगदाण्यात, मक्यात अफ्लाटॉक्सिन असतं, आणि ब विषाणू असलेल्या यकृताला ते दुप्पट वैरी. भाजून ते पुरतं जात नाही. काळपट, सुरकुतलेले दाणे निवडून टाकायला सांग वहिनींना. कडू लागला तर थुंक. बाकी जेवण नेहमीचं जेव. हळद बंद, तेल बंद, फक्त उसाचा रस, हे सगळं काविळीच्या भीतीतून आलेलं. तुला प्रथिनं हवीत, डाळ-अंडी-दूध भरपूर. दारू मात्र अजिबात नाही, 'फक्त बिअर' सुद्धा नाही. आणि 'पांढरी कावीळ' म्हणून कुणी माळ घालायला, नाकात थेंब सोडायला किंवा पुड्या द्यायला आलं तर हात जोड. गुळवेलसुद्धा नको. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेलीच्या काढ्यानंतर यकृताला सूज आलेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली होती.

घरच्यांचं. तुला ही लागण बहुधा जन्मतः आईकडून झालेली, म्हणजे काकूंची, ताईची आणि धाकट्याची एचबीएसएजी तपासणी या आठवड्यात कर. सोबत एकूण अँटी-एचबीसी (विषाणू कधी येऊन गेला का) आणि अँटी-एचबीएसही (संरक्षण आहे का) सांग. ताई संधिवाताला स्टेरॉइड घेते म्हणालास, तिची सगळ्यांत आधी. दबलेला विषाणू स्टेरॉइडने उठतो. तिच्या डॉक्टरांना हे माहीत असायलाच हवं. वहिनी आणि मुलं निगेटिव्ह आली तर लशीचे तीन डोस: आज, एका महिन्याने, सहा महिन्यांनी. तिसऱ्यानंतर एक-दोन महिन्यांनी वहिनींची अँटी-एचबीएस दहाच्या वर आहे ना, तेवढं पाहून घे. मुलांचं जुनं लसीकरण कार्ड काढ, पेंटाव्हॅलेंट झालं असेल तर त्यात ही लस येऊन गेलेली आहे. ताट-वाटी, पाण्याचा ग्लास, मिठी, यातलं काही वेगळं करायचं नाही. वेगळं ठेवायचं ते रेझर, नेलकटर आणि टूथब्रश. सांडलेलं रक्त ब्लीचने पूस. वाळलेल्या रक्तातही हा विषाणू सात दिवस टिकतो.

तुझ्या डॉक्टरांना एक विचार: डेल्टा विषाणूची, अँटी-एचडीव्हीची तपासणी झालीय का? मला कागदात दिसली नाही. तो ब च्या पाठीवर बसूनच जगतो आणि वण वेगाने वाढवतो. एकदाच करायची असते.

ताईचे रिपोर्ट आले की पाठव, पण फोटो नको, कागद नीट स्कॅन करून पीडीएफ. मागच्या वेळी प्लेटलेटच्या ओळीवर तुझा अंगठा आला होता. ब्लॉक पुढच्या सोमवारी परत कुरियर करतो. उन्हात ठेवू नकोस, वितळतो.

काकूंना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
संजय